ज्ञानोबा मिस्त्रींचा उजवा हात

ज्ञानोबा मिस्त्रींबद्दल लिहायचा हक्क बारामतीत पुष्कळ जणांना होता, आणि त्यांत माझा नंबर अगदी शेवटचा लागला असता. पण ज्यांना हक्क होता ती माणसं आता राहिली नाहीत, आणि मला जे ठाऊक आहे ते त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते आजवर पोटात ठेवलं. त्याची लाज वाटते. लाज वाटते म्हणून लिहितो आहे. लिहिल्याने ती जाईल अशी काही आशा नाही.

सन बावन्नच्या सुमारास मी पुण्याहून मोटार दुरुस्तीचा डिप्लोमा घेऊन बारामतीला आलो आणि भिगवण रस्त्यावर पोपटशेठच्या गॅरेजात नोकरीला लागलो. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा आणि दारात कडुलिंब. नीरेच्या कालव्यावर ऊस पिकवून हातात चार पैसे खेळायला लागलेले बागायतदार तेव्हा पुण्या-मुंबईच्या साहेबलोकांनी टाकून दिलेल्या मोटारी विकत घेत. लढाईच्या आधीच्या मोटारी त्या. वरून राजेशाही, आतून खिळखिळ्या. गाडी स्वतःच्या दारात उभी केल्याचा आनंद आठ दिवस टिकायचा, नवव्या दिवशी ती आमच्या दारात उभी असायची.

तिथले मोठे मिस्त्री म्हणजे ज्ञानोबा. सगळे त्यांना आबा म्हणत. साठीला आलेले, काटक, सावळे. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगात बंडी, डोक्याला टोपी आणि टोपीत एक पेन्सिल. ती पेन्सिल लिहिण्यासाठी नव्हती, कारण आबांना लिहिता येत नव्हतं. खुणा करायला लागायची. त्यांचं गाव इंदापूर तालुक्यातलं कळंब. घर सुताराचं, आणि हात बसला तो बैलगाडीच्या चाकांवर. त्या भागात पहिली मोटार एका इनामदारांनी आणली, तेव्हा तिची चाकंही लाकडी आऱ्यांचीच होती. आरे ढिले झाले. पुण्याहून माणूस यायला महिना लागणार, म्हणून इनामदारांनी कळंबच्या सुताराला बोलावणं धाडलं. आबांनी आरे ठोकून दिले आणि तिथून चाकावरून आसाकडे, आसावरून इंजिनाकडे असे सरकत गेले. "आमी मागल्या दारानं आत आलो, साहेब," असं ते मला सांगायचे. "तुमी पुढल्या दारानं आला. पर घर योकच हाय."

मला ते पहिल्या दिवसापासून साहेब म्हणत आणि तुमी म्हणत. मी चोवीस वर्षांचा होतो. मला ते आवडायचं, आणि ते माझ्या डिप्लोमाचं कौतुक आहे असं मी धरून चाललो होतो.

जुन्या मोटारीचं खरं दुखणं म्हणजे थरथर. बंद पडलेली गाडी सोपी असते. पेट्रोल आहे का, ठिणगी आहे का, एवढं बघितलं की निम्मं काम झालं. पण गाडी चालते आहे, पळते आहे, आणि ताशी तीस मैलांच्या पुढे गेली की दारं खडखडायला लागतात, आरशात मागचा रस्ता दिसेनासा होतो, बसलेल्याच्या दाताला दात लागतो, तेव्हा कुठे हात घालायचा? इंजिनात, क्लचमध्ये, मागची चाकं फिरवणाऱ्या लांब दांड्यात, चाकात, दुखणं कुठेही असू शकतं आणि थरथर सगळीकडे सारखीच लागते. मला सारखीच लागायची. आबांना नाही.

गाडी आली की ते आधी तिच्याकडे बघतसुद्धा नसत. हौदावर जायचे. ग्रीज काढायला रॉकेल, मग राख, मग पाणी. धोतराच्या सोग्याला हात कोरडे करायचे, चपला काढायच्या आणि अनवाणी गाडीत बसायचं. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा भाविक आहे, गाडीला पायताण लावत नाही. आबांना तसलं काही नव्हतं. "फळीखालनं लांब दांडा गेलाय. त्याचं म्हननं तळपायालाच कळतं. मधी कातडं आलं का संपलं," असा त्यांचा हिशेब. गाडी पळत असताना क्लच दाबून गिअर सोडायला लावायचे. थरथर राहिली तर दुखणं खाली, गेली तर इंजिनात. हे माझ्या पुस्तकात आकृतीसकट दोन पानं होतं. ते वाचून मला पाठ झालं होतं, एवढाच फरक.

मग खाली उतरून बॉनेटवर, नाहीतर इंजिनाच्या अंगावर उजवा तळहात टेकायचे. नेहमी उजवाच. डाव्या तळहातावर चाळीस वर्षं तंबाखू मळलेली. "चुन्यानं त्याचं कातडं मेलं. त्यो हात आता तंबाकूपुरता," म्हणायचे. डोळे मिटत नसत, मान हलवत नसत. समोर कडुलिंबाकडे बघत उभे राहायचे आणि जरा वेळाने निदान सांगायचे. त्यासाठी त्यांचे स्वतःचे शब्द होते. एखादा सिलिंडर पेटत नसला की ती 'लंगडी'. कुठला सिलिंडर ते काढायला एकेका प्लगला स्क्रू-ड्रायव्हर लावून तो मारायचा, म्हणजे त्याची ठिणगी तोडायची. ज्याला मारल्याने गाडीच्या चालीत फरक पडत नाही, तोच लंगडा. "मेल्याला मारल्याव त्यो काय वरडतोय व्हय?" बारीक, अंगावर चढल्यासारखी थरथर म्हणजे 'मुंग्या', म्हणजे कुठेतरी बोल्ट ढिला. आणि फिरणाऱ्या एखाद्या भागाचं वजन एका बाजूला झालं की तो 'भवरा'. भवऱ्याची त्यांना धास्ती होती. "लंगडी गाडी घरला जाती. भवरा झालेली आतल्या आत सोताला खाती."

रंगराव म्हणून एक बागायतदार होते. एकदा येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "आबा, गाडी लोण्यागत चालती. पर सासू बसली का थरथराया लागती."

शेडमध्ये हशा पिकला. मी म्हटलं, "सासू बसल्यावर मीसुद्धा थरथरलो असतो." आबा तेवढे हसले नाहीत. "सासूबाईंस्नी घिऊन या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. भारदस्त बाई. जावयाने गॅरेजात कशाला आणलं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. आबा मागच्या बाजूला त्यांच्या पायाशी, फळीवर अनवाणी बसले. बाई पदर सावरून दुसरीकडे बघत राहिल्या. कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन गाडी परत आली. आबा उतरले आणि हात जोडून म्हणाले, "आक्का, तुमचा कायबी दोष न्हाय. मागलं स्प्रिंगचं पाटं दमल्यात. वजन आलं का गाडी मागनं बसती आन् दांड्याचा सांधा आवळतोय. तुमच्या जागंला गुळाच्या ढेपा ठिवल्या आसत्या तरी ह्येच झालं आसतं."

तेव्हा कुठे बाईंना सगळं उमगलं. त्या जावयाकडे वळल्या. "ऐकलं का, रंगराव?" एवढंच म्हणाल्या, पण रंगराव पुढे महिनाभर आमच्याकडे फिरकले नाहीत. बाईंकडून मात्र आबांना शेंगदाण्याची चटणी येत राहिली. लोक हसण्यावारी नेतात तेही आबा दुखणं म्हणूनच ऐकायचे. गाडी खोटं बोलत नाही यावर त्यांचा विश्वास होता, आणि माणसंही सहसा बोलत नाहीत असं ते धरून चालत. दुसऱ्या बाबतीत त्यांचा हिशेब चुकला.

गावातल्या सराफाच्या दुकानातही आबांचं येणंजाणं असे. घरात सोन्याचा मणी नव्हता, पण सराफाकडे चांदी तोलायचा मोठा काटा होता. एखाद्या इंजिनात एकच पिस्टन बदलला असला की आबा सगळे पिस्टन फडक्यात बांधून सराफाकडे न्यायचे. बाकीच्यांपेक्षा नवा दीड-दोन तोळ्यांनी जड निघाला की परत येऊन तो आतून कानसायचा, पुन्हा फडकं, पुन्हा सराफ. सराफ चेष्टा करायचा, "आबा, घडणावळ किती लावताय या दागिन्याची?" गुंजभर फरक राहिला तरी आबा परत फिरायचे. मी म्हणालो, "इतकं कशाला? पुस्तकात थोडा फरक चालतो म्हणून दिलंय." ते म्हणाले, "पुस्तकाला चालत आसंल, साहेब. गाडीला इचारलं का?"

त्यांचं चुकायचं नाही असं नाही. सुप्याच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीला थरथर होती. आबा म्हणाले, आतलं बेअरिंग गेलंय. आठ दिवस इंजिन उघडं पडलं, बेअरिंग धडधाकट निघालं. शेवटी कळलं की पंख्याच्या एका पात्याला कुणीतरी ठिगळ मारलं होतं आणि त्या एवढ्याशा वजनाने पंखा डोलत होता. गाडी नीट झाली, व्यापारी खूश झाला, विषय मिटला. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी आबा सायकलीवरून सुप्याला निघाले. मला त्या बाजूला काम होतं, म्हणून मीही होतो. भर बाजारात, दुकानापुढे उभं राहून आबा म्हणाले, "शेठ, म्या चुकीचं सांगितलं हुतं. दुकनं पंख्याचं, आन् म्या पोट फाडलं."

व्यापारी ओशाळला. "असू द्या हो आबा. आत या, चहा घेऊ."

"आत न्हाय. सांगितलं हुतं चारचौघांत. तवा चुकलं त्ये बी चारचौघांतच सांगाया पायजे."

येताना मी त्यांना म्हणालो की अशाने गिऱ्हाईक तुटतं. ते सायकल मारत राहिले. मला वाटलं, त्यांना पटलं.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात आबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. बशीतला चहा दोन्ही हातांनी धरला तरी हिंदकळायचा. पण एक गोष्ट मी जवळून पाहिली होती आणि ती मी मुद्दाम लिहून ठेवतो. हात मोकळा, अधांतरी असला की थरथरायचा. कशावर टेकला की शांत व्हायचा. पाना धरला की शांत, बॉनेटवर ठेवला की शांत. आणि निदान पूर्वीइतकंच बिनचूक यायचं. त्या उन्हाळ्यात त्यांनी पाच-सहा गाड्या सांगितल्या, त्यांतली एकही चुकली नाही. हे शेडमध्ये दुसऱ्या कुणी न्याहाळलं नव्हतं. शेठला तर हात थरथरतो एवढंच दिसत होतं.

इंदापूरचे बापूसाहेब वकील यांची गाडी त्याच सुमारास आली. मोठी, काळी, विलायती. क्लच गेला होता आणि इंजिनाच्या मागच्या मोठ्या चाकाचे, म्हणजे फ्लायव्हीलचे, दात झिजले होते. आबा तेव्हा नातीच्या लग्नाला कळंबला गेले होते. शेठ म्हणाले, आबा येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, त्यांच्यावाचून होत नाही असं काय आहे त्यात? आणि गाडी उघडली.

फ्लायव्हील पुण्याला पाठवून दात बदलून आणले. ते इंजिनाच्या दांड्याला सहा बोल्टांनी बसतं. बोल्टांची भोकं सारख्या अंतरावर असल्यामुळे ते सहा तऱ्हांनी बसू शकतं, पण बरोबर एकाच तऱ्हेने. कारखान्यात दांडा आणि चाक जोडीनं तोललेलं असतं आणि दोन्हींवर एकेक ठिपका मारलेला असतो. ठिपक्यासमोर ठिपका आला पाहिजे. हे मला माहीत होतं. पण ग्रीजखाली ठिपका दिसेना, शेठ दोनदा येऊन "झालं का?" विचारून गेले, आणि मी बोल्ट आवळले.

गाडी सुरू झाली. उभ्या उभ्या छान चालली. वकील ती न्यायला आले तेव्हा आबाही गावाहून परतले होते. भिगवण रस्त्याला तिसाच्या पुढे गेल्यावर गाडी अशी हादरायला लागली की वकिलांनी टोपी काढून मांडीवर घेतली. मागे आबा अनवाणी बसलेले. गिअर सोडला, थरथर गेली. म्हणजे दुखणं इंजिनाकडे, मी आवळलेल्या चाकाशी.

शेडमध्ये परत आलो. वकील, शेठ, दोन-तीन गिऱ्हाइकं, कामावरची माणसं अशी आठ-दहा मंडळी भोवती जमली. आबा हौदावर जाऊन हात धुऊन आले. बॉनेटवर तळहात ठेवला, मला इंजिनाचा वेग वाढवायला लावला, कमी करायला लावला. मग म्हणाले, "भवरा हाय. मोठं चाक एक घर सरकून बसलंय."

आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "ग्रीजखाली खूण दिसत न्हाय. कुनाकडनं बी हुतं. माज्याकडनं बी योकदा झालंय."

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. "हो आबा, बघतो," एवढंच म्हणायचं होतं. कुणी मला फाशी देणार नव्हतं. पण वकील भुवया उंचावून माझ्याकडे बघत होते, शेठ बघत होते, आणि तीन वर्षं ज्याला सगळे डिप्लोमावाले म्हणत आले होते त्या माणसाने बोल्टाचं भोक चुकवलं होतं. मी हसलो. म्हणालो, "शेठ, हल्ली आबांचा हातच थरथरतो. त्यांना कुठलीही गाडी भवराच लागणार. इंजिनाखालची रबरं बसलीत, बदलून देतो."

आधी कुणीतरी एक जण हसलं. मग वकील हसले, आणि वकील हसले म्हणून शेठ हसले.

आबांनी बॉनेटवरचा हात उचलला. उचलल्याबरोबर तो थरथरायला लागला. सगळ्यांनी पाहिलं. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा लागत नव्हता. आबांनीही तो हात पाहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मग तो धोतराच्या सोग्याखाली घेतला.

"आसंल बी," ते म्हणाले. "आसंल बी, साहेब."

दुसरा दिवस सुट्टीचा, गॅरेज बंद होतं. मी भर दुपारी एकटा शेडमध्ये गेलो, आतून कडी घातली आणि गिअरबॉक्स उतरवला. रॉकेलने ग्रीज धुतलं. ठिपका दिसला, एक घर बाजूला. बरोबर एक घर. मी चाक ठिपक्यासमोर बसवलं, बोल्ट आवळले, आणि वर नवी रबरंही घातली, कुणी वाकून बघितलं तर असावीत म्हणून. वकील गाडी घेऊन गेले आणि त्यांनी इंदापुरात माझं नाव केलं.

त्या आठवड्यात आबा माझ्याकडे आले. मी खड्ड्यात होतो, ते काठावर उकिडवे बसले. म्हणाले, "साहेब, कशानं हुतं वो त्ये?"

विचारण्यात टोमणा नव्हता. मी आजही तो आवाज तपासून बघतो. त्यात काही नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"रबरं," मी म्हणालो.

"रबराचं थरथरनं आसं नसतं," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "त्ये पसरट आसतंय. ह्ये टोकदार हुतं. पर तुमी उघडून बघितलंय, तवा तसंच आसनार. हात फसवाया लागला म्हनायचा."

मी वर बघितलं नाही. एक बोल्ट, जो आवळायची गरज नव्हती, तो आवळत राहिलो.

महिनाअखेर त्यांनी काम सोडलं. शेठने बराच आग्रह केला, बसून राहा, नुसतं सांगत जा. आबा म्हणाले, "सांगन्यातच खोट आली, शेठ. चुकीचं सांगून कुनाची गाडी फाडायची न्हाय मला." शेठने त्यांना धोतरजोडी आणि नारळ दिला. दिला म्हणजे, मला द्यायला लावला. चार शब्द बोलायलाही लावले. मी बोललो. चांगलं बोललो. म्हणालो की आबांसारखा हात पुन्हा होणार नाही. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी मागे सरकलो, तर लोकांना तो माझा विनय वाटला.

त्यानंतर त्यांनी कुठल्याही गाडीला हात लावला नाही असं ऐकू येत होतं. रंगराव एकदा गाडी घेऊन मुद्दाम कळंबला गेले होते. "म्हातारं बघाया बी उठलं न्हाय. म्हनलं, बारामतीच्या साहेबांस्नी दावा," असं येऊन सांगत होते. ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही वगैरे काही झालं नाही. जेवलो. पण रात्री जाग यायची, आणि जाग आली की तो आवाज यायचा, कशानं हुतं वो त्ये.

दीडेक वर्षाने मी ठरवलं की जाऊन सांगायचं. इंदापूरला एक गाडी पोचवून परतत होतो, सकाळची वेळ होती. गाडी कळंबला वळवली. वाटभर वाक्य जुळवत होतो. आबा, तुमचा हात बरोबर होता. चाक एक घर सरकलं होतं. एवढी दोन वाक्यं. घरी आबांच्या पत्नीने सांगितलं, मळ्यात आहेत, मारुतीच्या विहिरीवर.

मारुती त्यांचा शेजारी. त्याच्या विहिरीवर नवं ऑइल इंजिन बसलं होतं, आणि त्याच्या पाण्यावर आबांचीही दोन वाफे वांगी निघत. मी पोचलो तेव्हा विहिरीवर सहा-सात माणसं होती. इंजिन चालू होतं आणि पाया उखडून निघेल असं हादरत होतं. आबा लांब बांधावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. मला बघून ते धडपडत उठले.

"आरं, साहेब आलं!" त्यांचा चेहरा उजळला. हाताला धरून त्यांनी मला माणसांपुढे नेलं. "ह्ये आमचं बारामतीचं साहेब. म्या सांगत हुतो न्हवं? ह्यांनीच मला वक्ताला थांबवलं. माझा हात फसत हुता आन् मला कळत नव्हतं. दुसरा आसता तर म्हाताऱ्याला वाईट वाटंल म्हून गप बसला आसता. ह्यांनी चारचौघांत सांगितलं. न्हायतर मी लोकांच्या गाड्या फाडीत बसलो आसतो."

लोक माझ्याकडे आदराने बघत होते. माझी दोन वाक्यं तोंडातच होती.

मारुती म्हणाला, "साहेब, देवागत आला. ह्येला बगा की जरा. आबांस्नी चार दिस इनवतोय, हात लावीनात."

"माजं काय इचारू नगंस," आबा म्हणाले. मग हलक्या आवाजात, माझ्या एकट्याकडे बघून म्हणाले, "मला लांबनं वाटलं हुतं, साहेब, का पट्ट्याच्या चाकाची पाचर ढिली आसंल. पर माज्या वाटन्यावर आता काय न्हाय."

मी इंजिनाजवळ गेलो. वाकून बघितलं. पट्ट्याचं चाक आसावर किंचित झोकांड्या खात होतं. पाचर ढिली होती. इंजिन बंद करून दोन ठोके घातले असते की काम झालं असतं. पाया नवा होता, दगड-सिमेंटचा, एक भेग नव्हती त्याला.

"आबा म्हणतात ते बरोबर आहे," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कबुलीसुद्धा द्यावी लागली नसती. त्यांचा हात त्यांना परत मिळाला असता. पण आबा माझ्याकडे बघत होते, आणि त्या डोळ्यांत एवढीशी आशा होती, आणि मला त्या आशेची भीती वाटली. आज पाचर खरी ठरली तर उद्या त्यांना चाकाचं घर आठवणार. एक खरं निघालं की दुसरंही निघणार. मग या माणसांपुढे आत्ताच झालेलं ते कौतुक मी कुठे ठेवू?

"पाया खचलाय," मी म्हणालो. "फोडून नवा घाला."

आबांची नजर खाली गेली. "बगा," ते लगेच म्हणाले, "मी पाचर म्हनत बसलो आसतो." आणि मारुतीला म्हणाले, "साहेब म्हनत्यात तसं कर. हो म्होरं, मी हाय मदतीला."

चहाला थांबा म्हणाले. मी काम आहे म्हणून सांगितलं. मळ्याच्या वाटेवर गाडी वळवून घ्यायला बराच वेळ लागला, तेवढ्यात मारुतीने माणसं लावून इंजिन पायावरून उतरवलंही होतं. निघताना एकदा मागे बघितलं. आबांनी दोन्ही हातांत पहार घेतली होती, आणि धडधाकट पाया ते जीव लावून फोडत होते.